‘काहीच तयारी झाली नाही’ असे म्हणणाऱ्यांस

(ज्युबिली सप्ताहात कोऱ्हाळे बुद्रुक येथे विद्यार्थी व पालक यांच्यापुढे केलेले भाषण)



ज्युबिलीच्या कार्यक्रमपत्रिकेत आजची सायंकाळ ‘विद्यार्थ्यांस मार्गदर्शन’ या मथळ्याखाली आमच्या नावावर लावण्यात आली आहे. आम्ही ना वैद्य, ना अभियंता. तेव्हा वैद्यकीच्या वा अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेविषयी बोलण्याचा आमचा अधिकार तो काय, असे आम्ही मंडळींस विचारून पाहिले. उत्तर मिळाले, की फादर, पोरे रडायला तुमच्याकडेच येतात, मग बोलायचे दुसऱ्या कोणी? यावर आम्हांस निरुत्तर व्हावे लागले.

आपल्या घरांतून झालेला पालट आपण सर्व पाहत आहोत. या सभेत असे आजोबा बसले आहेत, की ज्यांची शाळा चौथीपुढे गेली नाही. कारण त्यापुढे उसाच्या फडाने अथवा दुसऱ्याच्या बांधावरील कामाने त्यांस बोलावून घेतले. त्यांच्याच नाती आज सोमेश्वरनगरास व बारामतीस विज्ञानशाखेत शिकत आहेत. बारामतीत २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय चालू झाले, आणि डॉक्टर होण्याचे स्वप्न पुण्यामुंबईकडून उठून एस.टी.च्या वाटेवर येऊन बसले. स्वप्न जवळ आले म्हणजे त्याचे भयही जवळ येते. पूर्वीच्या पिढीला हे भय ठाऊक नव्हते, कारण तिला ती परीक्षाच कोणी देऊ केली नव्हती.

काही आठवड्यांपूर्वी जपमाळेची प्रार्थना आटोपल्यावर बारावीतील एक मुलगी व्हरांड्यात घुटमळत राहिली. (हे संभाषण पापनिवेदनातले नव्हे, हे प्रथमच सांगून ठेवतो, आणि ते येथे सांगण्यास तिची व तिच्या आईची अनुमती आहे.) तिला मिस्सा सांगावयाची होती. हेतू विचारता ती म्हणाली, “नीटची परीक्षा पुढे ढकलली जावी म्हणून.” कारण विचारता म्हणाली, “फादर, माझी काहीच तयारी झाली नाही.”

‘काहीच’ हा शब्द ऐकताच आम्ही सावध झालो. पंचवीसहून अधिक वर्षे पापनिवेदन ऐकण्याचे काम आमच्याकडे आहे, आणि त्यात एक गोष्ट आम्ही शिकलो आहो. एखादा मनुष्य येतो, डोके खाली घालतो आणि म्हणतो, “फादर, मी फार पापी आहे, माझ्या हातून सर्वच पापे झाली.” बोलण्यात अनुताप दिसतो, डोळ्यांत पाणीही असते, पण वास्तविक त्याने अद्याप काहीच निवेदन केलेले नसते. मग आम्ही हळूच विचारतो, बाबा, काय झाले? किती वेळा? कोणाचे नुकसान झाले? आणि मग दोनतीन गोष्टी बाहेर येतात. त्या जड असतील, लाजिरवाण्या असतील. पण मोजता येण्याजोग्या असतात. भावाचे घेतलेले पैसे परत करता येतात. सर्वच पापांचे मात्र काय परत करणार?

‘मला काहीच येत नाही’ हे त्याच जातीचे निवेदन होय. ते नम्रतेचे वस्त्र पांघरून येते, परंतु त्याच्या आत, रागावू नका, थोडा आळस दडलेला असतो. काय येते आणि काय येत नाही हे एकदा उजेडात पाहिले, की उद्या सकाळी कोठून आरंभ करावयाचा तेही कळते. आणि ते कळू नये म्हणूनच मन ‘काहीच’ या शब्दाच्या अंधारात बसून राहते. तेथे रडता येते, पण काम करावे लागत नाही.

तिला आम्ही दुसऱ्या दिवशी पुस्तके घेऊन बोलाविले. आम्हांस त्या विषयांतले फारसे कळत नाही, म्हणून आम्ही फक्त अनुक्रमणिकेची पाने उघडली आणि एकेका प्रकरणाचे नाव वाचीत गेलो. प्रत्येकाविषयी तिने पुस्तक मिटून आम्हांस तोंडी सांगावयाचे, एवढीच अट. ज्याच्याविषयी ती अडखळल्यावाचून बोलली त्यापुढे एक खूण; जेथे मध्येच थांबली तेथे दुसरी; जे कधी धड उघडलेच नाही त्यापुढे तिसरी. दीड तास लागला. जीवशास्त्रात मनुष्यदेहाचे व्यवहार, आनुवंशिकता, वनस्पतींची रचना ती आमच्यासारख्या अडाण्याला समजेल अशी सांगत सुटली. रसायनशास्त्रात निम्मे अर्धवट. भौतिकशास्त्रातील चारसहा प्रकरणे मात्र कोरी. आणि येथे खरी गोष्ट उघडकीस आली: दिवाळीपासून रोज रात्री ती याच कोऱ्या प्रकरणांपाशी येऊन बसे, पहिले पान वाची, काही कळत नसे, मग स्वतःस दोष देई आणि पुस्तक मिटी. जे येत होते त्याची उजळणी होत नव्हती, म्हणून तेही निसटू लागले होते. म्हणजे तिची तयारी नव्हती असे नाही. तयारी होती ती चालली होती.

आता परीक्षेचे गणित थोडे पाहू, कारण भयाला आकडे आवडत नाहीत. २०२५ च्या नीटमध्ये १८० प्रश्न व १८० मिनिटे होती. एकंदर गुण ७२०. यांपैकी जीवशास्त्राचे प्रश्न ९०, म्हणजे बरोबर निम्मे. भौतिक व रसायन यांचे प्रत्येकी ४५. बरोबर उत्तरास चार गुण, चुकल्यास एक वजा, कोरे सोडल्यास काही नाही. आमच्या त्या मुलीची सशक्त बाजू म्हणजे पत्रिकेची निम्मी बाजू होती, आणि ती ‘काहीच’ म्हणत होती!

एक हिशेब मुलांनी वहीत मांडून पाहावा. चार पर्याय असलेले चाळीस प्रश्न कोणी डोळे मिटून ठोकून दिले, तर सरासरीने दहा बरोबर येतील व तीस चुकतील; चाळीस गुण आले, तीस गेले, हाती उरले दहा. एवढ्यासाठी जो वेळ व जी धास्ती खर्च होते, ती परवडत नाही. पण चार पर्यायांपैकी दोन निश्चित खोटे आहेत हे ओळखता आले, तर उरलेल्या दोहोंतून निवड करणे खचित लाभाचे आहे. म्हणजे अर्धवट येणाऱ्या प्रकरणांनासुद्धा या परीक्षेत मोल आहे. राज्याच्या सामाईक परीक्षेत, जिच्यावर अभियांत्रिकीचे प्रवेश चालतात, चुकीच्या उत्तरास गुण कापले जात नाहीत. तेथे एकही प्रश्न कोरा सोडून येणे हा निव्वळ वेडेपणा. १५० प्रश्नांस २०० गुण असतात, कारण गणिताच्या प्रश्नास दोन गुण धरले जातात. आणि अकरावीच्या अभ्यासक्रमाचा भाग सुमारे वीस टक्के, बारावीचा ऐंशी. ज्याची अकरावी कच्ची राहिली असेल त्याने या प्रमाणाकडे पाहून आपल्या उरलेल्या दिवसांची वाटणी करावी. ‘नीट’ हा आपल्या भाषेतला किती साधा शब्द! पण परीक्षेचे नियम नीट वाचल्यावाचून वर्षभर अभ्यास करणारी मुले आम्ही पाहिली आहेत.

कोणी म्हणेल, फादर, आमची तयारी आमच्या दोषाने नव्हे, परिस्थितीने राहिली. हे पुष्कळदा खरे असते. २०१६ साली महाराष्ट्रातील मुलांवर काय प्रसंग आला, तो आठवावा. ती मुले राज्याच्या सामाईक परीक्षेचा अभ्यास करीत होती. ती परीक्षा राज्यमंडळाच्या बारावीवर आधारलेली, आणि तिची तारीख ५ मे. अशात २८ एप्रिल रोजी सर्वोच्च न्यायालयाचा आदेश झाला, की वैद्यकीय प्रवेश देशभर नीटनेच व्हावेत. तिची पहिली फेरी १ मे रोजी, दुसरी २४ जुलै रोजी. नीटला अकरावी व बारावी दोन्हींचा अभ्यास, आणि त्या वर्षी प्रश्नपत्रिका इंग्रजीत व हिंदीत. मराठीची सोय २०१७ मध्ये झाली. दोन वर्षे एका घाटाची चढण चढावी आणि माथ्यावर पोहोचता पोहोचता कोणी सांगावे की गाव दुसऱ्या डोंगरावर आहे, तशी त्या मुलांची गत झाली. ५ मे रोजी राज्याची परीक्षा झाली ती ‘हिचा उपयोग होईल की नाही’ अशा स्थितीत. मग २४ मे रोजी अध्यादेश निघाला आणि त्या वर्षापुरती राज्यांच्या सरकारी जागांना सूट मिळाली. ज्यांनी ‘आता काय उपयोग’ असे मनात असूनही ५ मे रोजी जाऊन पत्रिका सोडविली होती, त्यांचे गुण कामी आले. उद्या काय ठरेल हे मुलांच्या हाती नव्हते. त्या दिवशी बाकावर जाऊन बसणे एवढेच होते.

तथापि सर्वच दोष परिस्थितीच्या पदरात टाकणे आम्हांस मान्य नाही. कालव्याची पाळी रात्री आली आणि बापाबरोबर दारे धरावे लागले, म्हणून अभ्यास बुडाला, हे आम्ही समजू शकतो. परंतु ‘अभ्यासाचा गट’ म्हणून मोबाइल उघडावा आणि मध्यरात्रीपर्यंत दुसऱ्यांच्या गमती पाहाव्यात, याला परिस्थिती म्हणत नाहीत. मुलांनो, तुम्ही हसता, त्यावरून आमचा नेम चुकला नाही असे दिसते.

आता प्रार्थनेविषयी. येथे आम्ही जे बोलणार ते एका धर्मगुरूच्या तोंडी काहींस विचित्र वाटेल. परीक्षार्थींचे आश्रयदाते संत योसेफ कुपर्तीनो यांची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. सतराव्या शतकातील हे साधे फ्रान्सिस्कन बंधू, वाचन यथातथा, शुभवर्तमानातील एकच वचन त्यांस चांगले समजावून सांगता येई, आणि परीक्षेत नेमके तेच वचन निघाले. ही गोष्ट गोड आहे. पण तिच्या भरवशावर एकच प्रकरण वाचून परीक्षेस जाणाऱ्यांस आम्ही सावध करतो. त्या संतांच्या ठायी जी साधना होती ती पाठ करून मग त्यांच्या नशिबाची मागणी करावी.

आम्हांस त्याहून संत इग्नेशियस लोयोला यांचे उदाहरण अधिक जवळचे वाटते. १५२१ साली पांप्लोनाच्या वेढ्यात तोफगोळ्याने पाय मोडलेला हा सरदार देवाकडे वळला, आणि १५२४ मध्ये बार्सेलोनास लॅटिन शिकण्यासाठी येऊन राहिला. वय तेहतिशीच्या आसपास, आणि शेजारी पोरेटोरे. पाठांतरास बसला की त्याच्या मनात ईश्वराविषयीचे नवनवे, मधुर विचार येऊ लागत. इतके की शब्दांची रूपे पाठ होईनात. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, अहाहा, केवढी ही कृपा! इग्नेशियसने विचार केला, की प्रार्थनेच्या व मिस्सेच्या वेळीसुद्धा हे विचार इतक्या जोराने येत नाहीत, ते अभ्यासाच्याच वेळी का यावेत? आणि त्याने ओळखले, की हा मोह आहे. तो आपल्या गुरुजींकडे गेला, त्यांना सांता मारिया देल मार या मंदिरात नेले, आणि वचन दिले, की पोटापुरती भाकर व पाणी मिळते आहे तोवर ही दोन वर्षे तुमच्या वर्गास मी चुकणार नाही.

पुढची हकिगत लोक फारशी सांगत नाहीत. १५२६ पासून आल्काला येथे त्याने घाईघाईने अनेक विषय एकदम उरकले, आणि पाया काही बसला नाही. १५२८ मध्ये तो पॅरिसला पोहोचला तेव्हा हे त्याने स्वतःशी कबूल केले आणि पुन्हा मुलांच्या वर्गात बसून लॅटिनपासून आरंभ केला. येशूसंघाची शाळा-महाविद्यालये ज्याच्या नावाने जगभर चालली, त्याने आपला अभ्यास कच्चा राहिला हे जाणून तो दोनदा मुळापासून धरला होता. म्हणून, परीक्षेच्या तोंडावर नऊ दिवसांची नवी भक्ती काढून पुस्तकापासून उठणाऱ्यांस आम्ही सांगतो, की आधी मोह कोणता हे पाहा. सकाळची व निजण्यापूर्वीची प्रार्थना पुरे. उरलेला वेळ देवाने तुम्हांस रसायनशास्त्रासाठी दिला आहे.

स्वतःचेही थोडे सांगणे प्राप्त आहे. गुरुविद्यालयात पाऊल टाकले तेव्हा आम्ही मराठी शाळेतून आलेलो, आणि तेथील सर्व शिक्षण इंग्रजीत. तत्त्वज्ञानाच्या पहिल्या मोठ्या परीक्षेपूर्वी आम्ही तीन रंगांच्या शाईने वेळापत्रक आखले, व पुस्तकाचे पानन् पान तांबड्या पेन्सिलीने अधोरेखित केले. ते पुस्तक पाहून सहाध्यायी आमच्याकडे शंका विचारण्यास येत. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, आणि पानावरील तांबड्या रेघेखेरीज आम्हांस काही आठवेना. आम्ही नापास झालो. त्या रात्री घरी पत्र लिहून परत येतो असे कळवावयाचे ठरविले होते, पत्र लिहिलेही. ते टपालात पडले नाही, याचे श्रेय स्वयंपाकघरातल्या वृद्ध आचाऱ्यास आहे. त्याने आम्हांस कांदे सोलायला बसविले आणि म्हटले, आज परीक्षेत काय विचारले ते मला सांगा. त्याला तत्त्वज्ञान काय कळणार? परंतु त्याला समजेल असे सांगू गेलो तेव्हा कोठे आमचेच आम्हांस कळले, की आम्ही जे ‘वाचले’ होते ते शिकलो नव्हतो. पुढील तीन महिने तोच आमचा परीक्षक झाला. अनुक्रमणिका वाचून तोंडी सांगावयास लावण्याची युक्ती आमची नव्हे, ती त्या आचाऱ्याची.

आपल्या महाराष्ट्रातील आनंदीबाई जोशी यांच्याविषयी दोन शब्द. १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्या फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मागत होत्या. आपण प्रवेशाच्या सर्व अटींस कदाचित उतरणार नाही, हे त्यांनी आपल्या पत्रात लपविले नाही; काय शिकले आहे ते लिहिले, आणि कोणत्या कार्यासाठी आले आहे ते लिहिले. प्रवेश मिळाला, आणि मार्च १८८६ मध्ये त्या वैद्यकीची पदवी घेऊन बाहेर पडल्या. आपले उणे मोकळेपणाने सांगता येणे हा त्यांच्या तयारीचाच भाग होता, असे आम्हांस वाटते. पण फेब्रुवारी १८८७ मध्ये, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधीच, त्या पुण्यात वारल्या. पदवी मिळाली की सर्व मिळाले असे मानणाऱ्यांनी हेही वाचावे.

हे आम्ही पालकांसाठी बोललो. मातापित्यांनो, शिकवणीच्या फीसाठी तुम्ही उसाचे बिल संपविले, कोणी दागिना ठेविला, हे आम्हांस ठाऊक आहे. आणि ते प्रेमाने केले हेही ठाऊक आहे. परंतु जेवणाच्या ताटावर त्या रकमेचा उच्चार करू नका. २०२४ च्या नीटला तेवीस लाखांहून अधिक मुले बसली होती, आणि देशात एम.बी.बी.एस.च्या जागा एक लाखाहून थोड्याच अधिक. म्हणजे बहुसंख्य मुलांस जागा मिळणार नाही हे पत्रिका छापण्याआधीच ठरलेले असते. हा जागांचा हिशेब आहे. तुमच्या लेकराच्या लायकीविषयी देवाने दिलेला तो निकाल नव्हे. परिचर्या, औषधनिर्माण, प्रयोगशाळा, शेतकी यांच्याकडे ‘पडलेल्यांचे’ धंदे म्हणून पाहण्याची जी खोड आपल्या समाजास लागली आहे, ती सुटली पाहिजे. आपल्या किती तरी घरांची चूल एका परिचारिकेच्या पगारावर पेटली आहे. हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल.

आणि एक गोष्ट दबक्या आवाजात बोलण्याची वेळ गेली आहे. परीक्षेच्या भयाने जीव दिलेल्या मुलांच्या वार्ता कोट्याहून येतात, तशा आपल्या राज्यातूनही येतात. मूल जेवेनासे झाले, झोपेनासे झाले, ‘मी नसलो तर बरे’ असे म्हणू लागले, तर ते नाटक करते आहे असे समजू नका. त्याला सरळ विचारा, की जीव देण्याचे मनात येते काय? विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उलट तो बोलून दाखविण्यास वाट मिळते. त्याच्यापाशी बसा, त्याला एकटे सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेलिमानस ही विनामूल्य दूरध्वनीसेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू आहे. आमच्या दाराची घंटाही रात्री वाजते. ती वाजविल्याबद्दल आम्ही आजवर कोणास रागावलो नाही.

त्या मुलीचे पुढे काय झाले? परीक्षा अजून व्हावयाची आहे, तेव्हा निकाल सांगणे आमच्या हाती नाही. तिने कोऱ्या प्रकरणांपैकी दोनच निवडली आहेत आणि बाकीची या वर्षापुरती सोडून दिली आहेत. सोडताना ती पुन्हा रडली. परंतु ते रडणे निराळे होते. सकाळी जे येते त्याची उजळणी, दुपारी अर्धवटाचा अभ्यास, आणि दर रविवारी दुपारी दोन ते पाच घड्याळ लावून एक जुनी पत्रिका, असा तिचा क्रम आहे. रात्री दहाला दिवा मालवावा, असे तिच्या आईला बजाविले आहे. मिस्सेच्या वहीतील आपला हेतू तिने स्वतः खोडून दुसरा लिहिला.

आता काही सूचना, मग तुम्ही जेवावयास मोकळे. २०२३, २०२४ व २०२५ या तिन्ही वर्षी नीट मे महिन्याच्या पहिल्या रविवारी झाली. ज्यांची परीक्षा रविवारी येईल त्यांनी शनिवारची सायंकाळची मिस्सा ऐकावी. रविवारचे कर्तव्य तिने पुरे होते, मनात किंतु ठेवू नये. केंद्राचे दार दीड वाजता बंद होते, म्हणून एस.टी.वर विसंबून राहू नका. गाड्या असलेल्या गृहस्थांनी आपली नावे आज द्यावीत. गळ्यातला धातूचा क्रूस, साखळी, पदक घरीच उतरून ठेवा. दारावर तपासनिसाशी वाद घालून मन अस्वस्थ करून घेण्यापेक्षा ते बरे. प्रभू साखळीवाचूनही बरोबर येतो.

उद्यापासून परीक्षेच्या दिवसापर्यंत हे सभागृह पहाटे पाच ते आठ उघडे राहील. ज्यांच्या घरी जागा नाही, अथवा घर फार बोलके आहे, त्यांनी यावे. कोणत्या धर्माचा वा कोणत्या आळीचा हे कोणी विचारणार नाही. येताना अनुक्रमणिका असलेले पुस्तक व एक पेन्सिल आणावी. चहा सिस्टर देतील. मोबाइल दारापाशीच्या कपाटात ठेवावयाचा आहे, आणि किल्ली सिस्टरांकडे राहील, आमच्याकडे नाही. कारण आम्ही लवकर विरघळतो, हे तुम्हांस ठाऊक झाले आहे.